गच्चीवरचा पितळी खिळा

सरांना डावं-उजवं कळत नाही असं आम्ही ऑफिसात म्हणायचो, पण ते खरं नव्हतं. त्यांना ते कळत होतं, मान्य नव्हतं. "डावं म्हणजे कोणाचं डावं?" ते विचारत. "तू फिरली की तुझं डावं फिरलं. उत्तर दिशा फिरते का कधी?" रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात, तलावाकाठी, त्यांच्या घराजवळ पोह्यांचा एक ठेला आहे. तिथे रोज सकाळी उभे राहून ते सांगत, "भैया, जलेबी पूरब साइड रखना, पोहा गीला नहीं होना चाहिए." ठेलेवाला आधी तलावाकडे बघायचा, मग प्लेट जराशी फिरवायचा आणि जिलबी बरोबर पूर्वेला ठेवायचा. इतक्या वर्षांत तो तयार झाला होता.

एका नातेवाइकाच्या लग्नात फोटोसाठी सगळे स्टेजवर उभे होते. फोटोग्राफरला चेहरे मावेनात. सर खालून ओरडले, "मुलाकडचे लोक जरा ईशान्येले सरका." कोणी हललं नाही. मग ते स्वतः वर गेले आणि नवरदेवाच्या मामांना दोन्ही खांद्यांना धरून ईशान्येला ठेवून आले. मामांना हा काहीतरी विधी वाटला असावा. ते पुढचा बराच वेळ तिथेच हात जोडून उभे होते.

सर म्हणजे जमीन मोजणारे. समता कॉलनीत दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं सर्व्हेचं ऑफिस होतं. जिन्यात लवंगेच्या तेलाचा वास, खालून ड्रिलचा आवाज, आणि वर आम्ही प्लॉटांच्या, कालव्यांच्या, रस्त्यांच्या हद्दी काढत बसलेले. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून तिथे लागले. माझे बाबा रेल्वेत होते, त्यांना वाटे मुलगीही रेल्वेत जाईल. पण सरांनी मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला, "खिडकी कोणत्या दिशेले आहे?" मी म्हटलं, "माहीत नाही सर, पण सकाळी अकरा वाजता ऊन टेबलावर नाही, त्याअर्थी पूर्वेला नसावी." ते खूश झाले आणि मी पुढची कित्येक वर्षं तिथे अडकले.

त्यांच्याकडे दोन रिसीव्हर होते. पिवळे, जाडजूड, खालच्या बॅटरीसकट उचलले की खांदा दुखायचा. एक जागेवर बसून राहायचा, दुसरा काठीवर चढून आमच्याबरोबर शेतातून हिंडायचा. दोघांनी मिळून आभाळातल्या उपग्रहांचं ऐकायचं आणि आपण नेमके कुठे उभे आहोत ते सांगायचं. सरांनी बसणाऱ्याचं नाव थोरला ठेवलं होतं आणि हिंडणाऱ्याचं धाकटा. रायपूरच्या मे महिन्यात, जेव्हा माणसं डोक्याला ओला पंचा बांधून फिरतात, तेव्हा सर स्वतः उन्हात उभे राहत आणि छत्री थोरल्याच्या बॅटरीवर धरत. मी एकदा म्हटलं, सर, छत्री थोडी स्वतःवर पण घ्या. "मी गरम झालो तं काय होते? चिडतो. हा गरम झाला तं खोटं बोलते," ते म्हणाले. दुपारी मात्र झाडाखाली बसून डब्यातली बोरे बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, कांदा आणि हिरव्या मिरचीबरोबर खात आणि तृप्त होऊन उपग्रहांविषयी बोलत. घरचे पाहुणे असावेत तसं. अमका आज उशिरा आला, तमका लवकर गेला, एकाची तब्येत बरी नाही.

त्यांचा दुसरा हट्ट दुहेरी वाचनाचा. काठी उभी केली की रिसीव्हर जमिनीपासून किती उंच आहे ते टेपनं मोजावं लागतं. सरांच्या ऑफिसात ते एकट्यानं मोजायचं नाही. एकानं मोजून मोठ्यानं वाचायचं, मग दुसऱ्यानं नव्यानं मोजून मोठ्यानं वाचायचं, आणि दोन्ही जुळले तरच पुढे. इथवर ठीक आहे, चांगले सर्व्हेअर हे करतात. पण सरांनी ते सगळ्या आयुष्याला लावलं होतं. बाहेर पाऊस आहे का हे ते मला विचारत आणि मग खाली जाऊन दवाखान्याच्या रिसेप्शनवरच्या बाईंनाही विचारत. भाजीत मीठ आहे का हे काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सांगितलं तरी शेजारणीला चाखायला बोलवत. काकू म्हणत, "लग्नाच्या वेळी मले दोनदा विचारलं होतं, पसंत आहे का म्हणून. मले वाटलं, किती चांगला माणूस आहे. नंतर कळलं, ते वाचन घेऊन राहिले होते."

काकूंचा आणि सरांचा एकच कायमचा तंटा होता, तो गच्चीवरून. घराच्या गच्चीवर मधोमध सरांनी पितळेचा एक खिळा सिमेंटात बसवला होता. पहिल्यांदा रिसीव्हर घेतले तेव्हा थोरल्याला त्या खिळ्यावर कित्येक दिवस बसवून ठेवलं होतं, त्याचा सगळा डेटा लांबलांबच्या केंद्रांशी ताडून घेतला होता, आणि त्या खिळ्याची पृथ्वीवरची जागा पक्की केली होती. त्यानंतर सरांनी रायपूर आणि आसपास जे जे मोजलं ते सगळं त्या खिळ्यापासून. कॉलन्या, शाळांची कुंपणं, तलावांचे काठ, सगळं. आणि काकूंना त्याच गच्चीवर रखिया बड़ी, म्हणजे कोहळ्याच्या वड्या, वाळवायच्या असत. खिळ्याभोवती चार हातांत काही ठेवायचं नाही असा नियम होता. काकू दर हिवाळ्यात बड्यांचं कापड थोडं थोडं खिळ्याकडे सरकवत आणि सर ते थोडं थोडं मागे ओढत. "तुमचा खिळा काय बड्या खाते का?" काकू विचारत. सर म्हणत, "हा खिळा हलला तं अर्धं रायपूर हलते." ते थट्टेत म्हणत नसत.

नवीन रिसीव्हर घ्यावेत हे मी त्यांना किती वर्षं सांगत होते. जुने दोघं फक्त एकाच देशाचे उपग्रह ऐकायचे. नवे सगळ्यांचे ऐकतात, आपलेही. जुन्यांना जागेवर अर्धा तास लागायचा तिथे नवे मिनिटभरात उरकतात. नव्यांना थोरला-धाकटा अशी जोडीसुद्धा लागत नाही, मोबाइलच्या नेटवरून ते कायमच्या सरकारी केंद्रांशी बोलतात. सर ऐकून घेत आणि म्हणत, "म्हणजे शेतात उभा राहून फोनवर बोलणारा आणखी एक वाढला." एके दिवशी सकाळी थोरल्यानं एकाएकी वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवायला सुरुवात केली. जुन्या यंत्रांच्या पोटात आठवडे मोजायची जागा ठरावीक असते, ती भरली की गिनती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मला वाटलं, आता तरी घेतील. सरांनी त्या पडद्याकडे प्रेमानं बघितलं. "याच्या हिशोबानं मी अजून चाळिशीत आहो," ते म्हणाले. "काहून बदलवू मी याले?" त्यांनी तारीख हातानं दुरुस्त करायची एक युक्ती बसवली आणि आणखी काही वर्षं काढली.

शेवटी नव्या रायपूरच्या एका मोठ्या कामासाठी अटच आली की नेटवर्कवर चालणारे रिसीव्हर हवेत. थोरल्याची बॅटरीही त्याच सुमारास बसली आणि तशी बॅटरी आता कुठे मिळेना. दोन दिवसांनी सर म्हणाले, बोलाव त्या विकणाऱ्याले.

विकणारा इंदूरचा होता. गोड बोलणारा, घट्ट पॅंट, केसांना चमक. त्यानं खोक्यातून हातात मावेल एवढा रिसीव्हर काढून काठीवर बसवला आणि काठी मुद्दाम वाकडी धरली. "देखिए सर, तिरछा पकड़ो तब भी सही बताएगा. बबल देखने की ज़रूरत ही नहीं." काठी सरळ उभी आहे की नाही हे दाखवणारा काचेतला बुडबुडा असतो, तो मधे येईपर्यंत हलायचं नाही, हे आम्हाला सरांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं. सरांचा चेहरा असा झाला की कोणी देवाकडे पाय करून बसलंय. "आणि माणसाले वाकडं उभं राहायची सवय लागली तं?" त्यांनी मला विचारलं. विकणारा पुढे तासभर सेटिंगा सांगत होता. सर काठी वरखाली करून बुडबुडा कुठे बसवता येईल ते बघत होते. मी खाली चहा सांगायला गेले होते.

नवा रिसीव्हर घरी आला की आधी गच्चीवर नेऊन खिळ्याच्या पाया पाडायचा असं ठरलं होतं. तो सरांचाच शब्द. काकूंनी नारळ फोडला, कुंकू लावलं, रिसीव्हरला लावू की काठीला असा थोडा वाद झाला. सरांनी जुना बुडबुडा टेपनं काठीला चिकटवला होताच. काठी खिळ्यावर उभी राहिली. मी पडदा वाचला, मग सरांनी वाचला. दोघांचं वाचन जुळलं. पण ते खिळ्याच्या जुन्या जागेशी जुळेना. नव्या यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे खिळा होता त्यापेक्षा जवळजवळ दोन हात उत्तरेला होता, आणि तेवढाच पूर्वेला.

एखाददुसऱ्या बोटाचा फरक आला असता तर सर हसले असते. दोन हात म्हणजे दार भिंतीत जातं. त्यांनी पुन्हा घेतलं, दुपारी घेतलं, दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलं. तेच. मी म्हटलं, नवं यंत्र बिघडलेलं असेल. सर म्हणाले, "एवढे सगळे उपग्रह मिळून खोटं बोलून राहिले आणि मी एकटा खरा?" आणि खाली निघून गेले.

सिस्टर त्याच आठवड्यात आल्या. सिस्टर म्हणजे सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्या राहणाऱ्या. शहराच्या टोकाला, नव्या रायपूरच्या रस्त्यावर एक कॉलनी आहे, ती अख्खी कॉलनी सरांनी आखलेली, अगदी सुरुवातीच्या काळात. सिस्टरांचं घर तिथे. त्यांच्या मागे, उत्तरेला, टाइल्सच्या एका दुकानदाराचा प्लॉट. त्यानं घर वाढवायला काढलं आणि त्याआधी एका नव्या सर्व्हेअरला बोलावून सीमांकन करून घेतलं. त्या सर्व्हेअरनं सरांच्या जुन्या नकाशावरचेच आकडे नव्या रिसीव्हरमध्ये घातले आणि खुंट्या ठोकल्या. खुंट्या सरांच्या दगडांवर पडल्या नाहीत. त्या दोन हात दक्षिणेला पडल्या, आणि तेवढ्याच पश्चिमेला. खुंटी ते खुंटी दोरी ओढली तर ती सिस्टरांच्या स्वयंपाकघरातून जात होती, ओट्याच्या मधून. दुकानदारानं हात जोडून सांगितलं होतं की दीदी, महिनाभरात तोडून द्या, नाहीतर मला तहसीलमध्ये जावं लागेल.

"तुम्ही दगड लावले होते ना सर," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही सांगा. बरोबर आहेत का?"

कुठलाही दुसरा सर्व्हेअर छाती ठोकून हो म्हणाला असता. सरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, ठेवला. "सिस्टर," ते म्हणाले, "आज मी हो म्हणू शकत नाही. माझा खिळाच चुकला असेल तं दगड बी चुकले. माझी चूक निघाली तं तुमचं स्वयंपाकघर मी बांधून देईन." सिस्टरांनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं, बरं म्हणाल्या आणि पिशवी घेऊन जिना उतरल्या. मला सरांचा इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. बाई आधार मागायला आली होती आणि यांनी तिला खरं सांगून पाठवलं.

मग सर बिघडले. ऑफिसात येत, पण कोणालाच काही दोनदा विचारत नसत. भिंतीवरच्या नकाशांसमोर उभे राहत. या शहरात किती भिंती आपल्या शब्दावर उभ्या आहेत, ते मनात मोजत असावेत. एक दिवस दुपारी काकूंचा मला फोन आला. आवाज घाबरलेला.

"अगं, आज रिक्षावाल्याले हे म्हणाले, डावीकडे घ्या."

"काय म्हणाले?"

"डावीकडे. मी बाजूलेच बसली होती. तू काहीतरी कर बाई."

दुसऱ्या दिवशी मी सरळ नवा रिसीव्हर गाडीत टाकला आणि सरांना म्हटलं, चला, सिस्टरांकडे जाऊन येऊ, चूक असेल तर असेल, निदान डोळ्यांनी बघू. ते निमूटपणे बसले. कॉलनीत पोचलो तर सिस्टर घरी नव्हत्या, दाराला कुलूप. आम्ही मागच्या गल्लीतून दुकानदाराच्या प्लॉटवर गेलो. त्यानं खुर्च्या मागवल्या. त्याच्या दृष्टीनं आम्ही पराभव कबूल करायला आलो होतो, आणि पराभूतांशी तो सभ्यपणे वागत होता.

सरांनी आपले जुने दगड शोधले. चारही होते, गवतात, डोक्यावर छिन्नीनं मारलेली फुली अजून दिसत होती. प्रत्येकावर मी काठी धरली. आकडे मी वाचले, सरांनी वाचले. प्रत्येक दगड दोन हात उत्तरेला आणि दोन हात पूर्वेला. गच्चीवरच्या खिळ्यासारखाच, केसाचा फरक नाही.

सर चौथ्या दगडाजवळ उकिडवे बसले. आधी मला वाटलं, त्यांना चक्कर आली. ते बोटं दुमडून काहीतरी मोजत होते.

"आपण थोरला घेतला त्याले किती वर्षं झाली?"

"वीसच्या वर झाली असतील सर. मी नव्हते तेव्हा."

"वर्षाले दोन बोटं उत्तरेले. दोन पूर्वेले." त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. "पोरी, मी चुकलो नाही. देश सरकला."

मी मान्य करते की मला आधी भीती वाटली. मग कळलं. आपली सगळी जमीन, हिमालयाखाली घुसणारी, वर्षाला थोडी थोडी ईशान्येकडे जाते. हे मला कोणी शिकवलं? सरांनीच. दर पावसाळ्यात काम बंद असलं की चहाबरोबर ते आम्हाला हेच सांगायचे, हातवारे करून. आपली नखं जशी वाढतात तसा भारत चालला आहे, म्हणायचे. अख्खा देश चालला हे त्यांना ठाऊक होतं. त्याच्याबरोबर बूढ़ापाऱ्यातली आपली गच्ची आणि त्यातला खिळाही चालत असेल, हे मात्र त्यांच्या मनात कधी आलंच नाही. खिळा हलत नाही, एवढं ते धरून चालले होते. त्यामुळे नकाशांत वीस वर्षांपूर्वीची जागा होती आणि नवं यंत्र आजची सांगत होतं.

पण दुहेरी वाचन हवंच. मी इंदूरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. विकणारा हसून म्हणाला, "हाँ मैडम, वो तो होता है ना. पुराने कोऑर्डिनेट सीधे नहीं डालते, पहले आज के हिसाब से बदलने पड़ते हैं. वो सेटिंग मैंने उसी दिन बताई थी. सर सुन नहीं रहे थे, सर बबल ढूँढ रहे थे."

सरांनी काठीवर चिकटवलेल्या बुडबुड्याकडे बघितलं आणि फोनला म्हणाले, "भैया, आप सही बोल रहे हो." मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली, पण विकणाऱ्याला ते असं म्हणताना तेवढं एकदाच ऐकलं.

आता दुकानदाराला हे सांगायचं कसं? देश सरकला म्हणून तुमचे दोन हात गेले, असं म्हटलं असतं तर त्यानं कुत्रं सोडलं असतं. मी शब्द जुळवत होते. सर मात्र उठले, पॅंट झटकली आणि प्लॉटच्या उत्तरेला गेले. तिथे दुकानदाराचं नवंकोरं लोखंडी गेट होतं, वर दोन सिंह. गेटच्या आत, फरशीच्या फटीत, त्या नव्या सर्व्हेअरची एक खुंटी ठोकलेली होती.

"ये किसकी है?" सरांनी विचारलं.

"वही, सर्वे वाले की," दुकानदार म्हणाला. "बोला था, ये साइड वाला बाद में देखेंगे."

"बाद में क्यों? अभी देखो. पीछे दो हाथ आपको मिल रहा है, तो आगे से दो हाथ जा रहा है. पूरा प्लॉट ही खिसका दिया उसने. ये खूँटी सच है, तो आपका गेट रोड पे है. शेर भी."

दुकानदारानं खुंटीकडे बघितलं, मग गेटकडे. सिंह चांगलेच महाग असावेत. "हव," तो हळूच म्हणाला. आमच्याकडचं हव म्हणजे हो, पण त्या हवमध्ये बरंच काही होतं. सरांनी त्याच्या हातात टेपचं टोक दिलं. दगडापासून दगडापर्यंत चारही बाजू मोजल्या. तो वाचायचा, मी वाचायची. चारही मापं जुन्या नकाशावरच्या मापांशी जुळली. सर प्रत्येक मापाला मान हलवत राहिले. मग दुकानदारानं स्वतःच दोरी गुंडाळली आणि खुंट्या उपटायला सुरुवात केली. "बाबूजी, मुझे क्या पता था," तो म्हणाला. "मशीन नई थी."

"मलेबी कुठं माहीत होतं," सर मराठीतच म्हणाले. "मी लय घाबरलो होतो भाऊ. किती रात्री झोपलो नाही."

तेवढ्यात सिस्टर बाजार करून आल्या. सर आणि मी मागच्या दारानं त्यांच्या अंगणात गेलो, दुकानदार आमच्या मागे, हातात उपटलेल्या खुंट्या. सरांनी एका दमात सगळं सांगितलं. दगड बरोबर आहेत, भिंत बरोबर आहे, ओटा आहे तिथेच राहणार. सिस्टरांनी पिशवी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं. रडल्या नाहीत. "बसा, चहा टाकते," म्हणाल्या आणि मग थबकल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"चहाचं भांडं कोणत्या पोत्यात गेलं, ते पाहावं लागेल."

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. ते रिकामं होतं. फळ्यांवर डबे नव्हते, खिळ्यांना झारे नव्हते, भिंतीवर देवाच्या फोटोच्या जागी पांढरा चौकोन होता. गॅसची शेगडी काढून कोपऱ्यात उभी केलेली. सगळं सामान पोत्यांत बांधून पुढच्या खोलीत रचलं होतं, पलंगाच्या उशापर्यंत. कित्येक दिवस सिस्टर शेजारणीकडून डबा आणून जेवत होत्या.

"अहो पण सिस्टर," मी म्हटलं, "अजून तर काहीच ठरलं नव्हतं. एवढ्यात काहून काढलं सगळं?"

त्यांनी सरांकडे बोट दाखवलं, अगदी साधेपणानं. "हे म्हणाले ना, चूक असू शकते म्हणून. यांनी कधी उगाच म्हटलं आहे का? माझा प्लॉट घेताना यांनीच सांगितलं होतं, इथं पाणी लागते, पाया उंच घ्या. घेतला. आजूबाजूच्यांचं घर दर पावसाळ्यात भिजते, माझं नाही. मग हेही खरंच असेल, असं धरलं मी."

सर दारात उभे होते. त्यांनी चपला काढल्या, पुढच्या खोलीत गेले आणि पहिलं पोतं सोडलं. आतून पिठाचा डबा काढला, शर्टाच्या बाहीनं पुसला आणि स्वयंपाकघरात आणून सिस्टरांना विचारलं, "हा कुठं होता?" त्यांनी सांगितलं तिथे ठेवला. मग डाळीचा. मग पितळी परात. सिस्टर म्हणत होत्या, राहू द्या सर, मी करीन सावकाश, पण ते ऐकत नव्हते. काचेच्या बरण्या मी घेतल्या. थोड्या वेळानं दुकानदारानं खुंट्या अंगणात ठेवल्या आणि तोही शेगडी उचलायला आला. चहाचं भांडं सगळ्यात शेवटच्या पोत्यात, तळाशी निघालं. तोवर संध्याकाळ होत आली होती आणि जायचं नाव कोणीच काढलं नव्हतं.